प्रतिजैविकाला दाद कोण देत नाही?

प्रश्न असा आहे : ‘अँटिबायोटिक रेझिस्टन्स’ला मराठीत नेमके काय म्हणावे? प्रश्नकर्त्याला एका लेखात ‘जिवाणूंची प्रतिकारशक्ती वाढली’ असे आढळले, दुसऱ्यात ‘प्रतिजैविक प्रतिरोध’, आणि बोलताना तर सर्रास ‘शरीराला औषधाची सवय झाली’ असेच ऐकू येते. या तिन्हींचा अर्थ एकच का?

एकच नाही. शेवटचे तर सरळ चुकीचे आहे. वाक्य व्याकरणात चोख बसते, पण त्यात भलताच कर्ता येऊन बसला आहे. औषधाला जुमानत नाहीत ते जिवाणू; शरीर बिचारे त्यांचे घर. ही गफलत एकट्या मराठीची नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली १२ देशांतल्या सुमारे १०,००० लोकांची पाहणी केली, तेव्हा ७६ टक्के लोकांना रेझिस्टन्स म्हणजे शरीर औषधाला सरावणे असेच वाटत होते. एकदा हा समज पक्का झाला की ‘मी कधी असल्या गोळ्या घेतच नाही, मला कसली भीती’ हे ओघानेच येते. प्रत्यक्षात ज्याने आयुष्यात प्रतिजैविकाची एक गोळी घेतली नाही, त्यालाही औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो. तो जिवाणू दुसऱ्या कुणाच्या शरीरात तयार होऊन आलेला असतो.

‘सवय’ हा शब्द इथे कुठून आला असावा, याचा अंदाज करता येतो. झोपेच्या गोळीची सवय होते, दारूची होते, आणि तिथे सरावते ते शरीरच. तेच वाक्य उचलून इकडे लावले गेले. बरे, शरीराऐवजी जिवाणूंना कर्ता केले आणि ‘जिवाणूंना औषधाची सवय झाली’ म्हटले, तर चालेल का? माझ्या मते तेही टाळावे. सवयीत हळूहळू अंगवळणी पडणे येते, आणि जिवाणू औषधाच्या सहवासात सरावतात की तसे जिवाणू आधीपासूनच असतात, यावर शास्त्रज्ञांत एके काळी वाद होता. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या शास्त्रज्ञ दांपत्याने १९५२ साली त्यावर मखमलीच्या तुकड्याने उत्तर दिले. औषध नसलेल्या थाळीवर जिवाणू वाढवले. ठोकळ्यावर ताणून बसवलेली निर्जंतुक मखमल त्या थाळीवर हलकेच दाबली. मखमलीच्या लवेवर जिवाणू जसेच्या तसे, आपापल्या जागा राखून चिकटले. मग तोच ठसा औषध घातलेल्या थाळ्यांवर एकामागून एक उमटवला. बहुतेक जिवाणू मेले. मोजके तगले, आणि ते वेगवेगळ्या थाळ्यांवर त्याच त्याच जागी तगले. मूळ थाळीवर त्या जागेचे जिवाणू घेऊन पाहिले, तर औषधाशी कधी गाठही न पडलेल्या त्या जिवाणूंत औषधाला न जुमानणारे निघाले. म्हणजे ते आधीपासूनच तिथे होते. औषधाने त्यांना काही शिकवले नाही. बाकीच्यांना मारून त्यांना रान मोकळे करून दिले. त्याआधी, १९४३ साली, लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी, जिवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंना तोंड देणाऱ्या जिवाणूंबद्दल हेच गणिताने दाखवले होते.

याच कारणाने ‘निर्ढावलेले’, ‘कोडगे’ ही मथळ्यांना शोभणारी विशेषणेही मला पटत नाहीत. निर्ढावायला आधी बराच मार खावा लागतो.

आता ‘प्रतिकारशक्ती’. शब्दाच्या फोडीत काही खोट नाही, पण मराठीत त्याची जागा केव्हाच ठरून गेली आहे. लस, पांढऱ्या पेशी, प्रतिपिंडे, म्हणजे शरीराची रोगाशी झुंजण्याची ताकद, एवढेच या शब्दाने मनात येते. ‘प्रतिकारशक्ती वाढली’ हे शब्द दिसले की वाचक खूश होतो. तोच शब्द जिवाणूंना लावला की वाक्य नीट वाचणाराही क्षणभर अडखळतो, आणि घाईत वाचणारा उलटाच अर्थ घेऊन जातो. ‘प्रतिजैविक प्रतिकारशक्ती’ असा जोड तर प्रतिजैविकाने मिळणारी ताकद असाही वाचता येतो. हा शब्द शरीरापाशीच राहू द्यावा.

‘प्रतिजैविक प्रतिरोध’ अर्थाने ठीक आहे, पण दोन ‘प्रति’ एकमेकांवर आदळतात आणि कोण कोणाला रोधतो ते उलगडत नाही. मी ‘प्रतिजैविकरोध’ लिहितो आणि अशा जिवाणूंना ‘प्रतिजैविकरोधक’ म्हणतो. जलरोधक कापड पाणी अडवते, तसा हा जिवाणू प्रतिजैविक अडवतो. घडण मराठीला ओळखीची आहे.

पण ‘अडवणे’ हीसुद्धा जिवाणूंच्या अनेक तऱ्हांपैकी एकच. पेनिसिलिन फोडून टाकणारे विकर (एन्झाइम) जिवाणूंत सापडल्याचे अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी १९४० सालीच छापले होते. तेव्हा पेनिसिलिन रुग्णांवर सर्रास वापरलेही जात नव्हते. काही जिवाणू आत शिरलेले औषध पंपाने बाहेर फेकतात, तर काही औषध जिथे चिकटायचे त्या जागेचीच घडण बदलतात. ही कला ते नुसती पोराबाळांना देत नाहीत, शेजारच्या परक्या जातीच्या जिवाणूलाही जनुकांच्या रूपाने देऊन टाकतात. फोडणे, फेकणे, चुकवणे हे सगळे एका क्रियापदात कसे बसवायचे?

त्यासाठी मराठीत तयार वाक्प्रचार आहे : दाद न देणे. ‘हा जिवाणू पेनिसिलिनला दाद देत नाही.’ मूळ फारसी ‘दाद’ म्हणजे न्याय. ‘दाद मागणे’ त्यातूनच आले. पुढे ‘दाद देणे’ म्हणजे पसंतीची पावती देणे, प्रतिसाद देणे, आणि नकारात गेले की सरळ धुडकावणे. औषध कसे धुडकावले याच्या तपशिलात हा वाक्प्रचार शिरत नाही, आणि जिवाणू आपोआप कर्त्याच्या जागी येतो. नाम हवे तिथे ‘प्रतिजैविकरोध’ आणि वाक्य हवे तिथे ‘दाद न देणे’, अशी वाटणी मला सोयीची वाटते.

मात्र एक पथ्य पाळावे. ‘ताप अँटिबायोटिकला दाद देत नाही’ एवढ्यावरून रोध आहे असे ठरत नाही. ताप विषाणूंमुळे आला असेल तर प्रतिजैविकाचे तिथे कामच नव्हते. वरच्याच पाहणीत ६४ टक्के लोकांना सर्दी-फ्लूवर अँटिबायोटिक चालते असे वाटत होते, तेव्हा जिवाणू आणि विषाणू हे शब्द अदलून-बदलून वापरणे परवडणारे नाही.

‘सुपरबग’साठी ‘महाजंतू’ वाचले की मला धास्तीच वाटते, जंतूची नव्हे, शब्दाची. असा जिवाणू जात्याच जास्त जहाल असतो असे नाही. त्याच्यावर चालणारी औषधे कमी उरलेली असतात, इतकेच.

खुद्द ‘प्रतिजैविक’ शब्दाची व्याप्तीही बदलली आहे. १९४०च्या दशकात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेलमन वाक्समन यांनी ‘अँटिबायोटिक’ हा मूळ इंग्रजी शब्द रूढ केला तो एका सूक्ष्मजीवाने बनवलेल्या आणि दुसऱ्याला मारणाऱ्या किंवा त्याची वाढ थांबवणाऱ्या पदार्थापुरता. त्या काटेकोर अर्थाने प्रयोगशाळेत घडवलेली सल्फा औषधे प्रतिजैविके ठरत नाहीत; आज मात्र सगळे त्यांना सहज त्यात धरतात. मूळ व्याख्येतून एक गोष्ट मात्र चटकन उमजते : औषधे जर सूक्ष्मजीवांच्याच आपसांतल्या झुंजीतून आलेली असतील, तर त्यांवरचे तोडगेही तितकेच जुने असणार. ३०,००० वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीत प्रतिजैविकरोधाची जनुके सापडली आहेत.

प्रश्नाला जोडून ‘अँटिमायक्रोबियल रेझिस्टन्स’बद्दलही विचारले आहे. त्याचा पसारा मोठा आहे. त्यात क्लोरोक्विन या औषधाला दाद न देणारा हिवतापाचा परजीवी येतो, औषधांना न जुमानणारी बुरशी येते, विषाणूही येतात. ‘सूक्ष्मजीवरोधक-रोध’ असे काही घडवले तर त्यात एक रोध औषधाचा आणि दुसरा त्याच्या विरुद्धचा, असा घोळ होतो. इथे सुटसुटीत ‘औषधरोध’ पुरे. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्ही औषधांना दाद न देणारा क्षयरोग ‘बहुऔषधरोधक’ म्हणायचा तोही त्यातूनच. आणि बोलताना अँटिबायोटिक म्हणायला कुणाची ना नाही. फक्त अनेकवचन ‘अँटिबायोटिके’ करावे, म्हणजे ‘अँटिबायोटिक्सचे’, ‘अँटिबायोटिक्सना’ हे तोंडात अडकणारे प्रकार टळतील.