प्रोजेक्ट संपतो, वॉर्ड तसाच राहतो

प्रश्न : आमच्या विभागात प्रत्येक रेसिडेंट डॉक्टरला क्वालिटी इम्प्रूव्हमेंटचा, म्हणजे रुग्णसेवा सुधारण्याचा, प्रोजेक्ट करावाच लागतो. दोन व्याख्यानं होतात, वर्षअखेरीस पोस्टर लागतं, वॉर्डात मात्र काही बदलत नाही. शिकवण्यात कुठे चुकतंय?

उत्तर : बहुधा तुमचे रेसिडेंट हा प्रोजेक्ट थिसिससारखा करत असावेत. महिनोन्‌महिने आकडे जमवायचे, मग एकदाच उपाय, शेवटी 'आधी' आणि 'नंतर' असे दोन आकडे. तेवढ्यावरून फरक उपायामुळे पडला की सहज चढउतारामुळे, हे सांगता येत नाही.

विषय वॉर्डातलाच घ्या. समजा, गरज संपली तरी लघवीची नळी निघत नाही. आधी रेसिडेंटला दोन-तीन राऊंड नुसतं बघायला लावा. नळीचा विषयच निघत नाही, ऑर्डर नाही म्हणून सिस्टर थांबून राहतात, असं काहीतरी दिसेल. नळी कधी काढायची हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, म्हणून इथे आणखी एक व्याख्यान कुचकामी.

आता पीडीएसए (प्लॅन-डू-स्टडी-ॲक्ट), म्हणजे आखणी, छोटी चाचणी, तिचा अभ्यास आणि त्यावरून पुढचं पाऊल, असं चक्र. पहिली चाचणी एक रेसिडेंट, एक राऊंड एवढीच ठेवा. नोटमध्ये एक ओळ वाढवायची : 'नळी कशासाठी? आज काढायची का?' दहा पेशंटांपैकी कितीजणांची ओळ भरली जाईल, हा अंदाज आधी लिहून घ्या. नेमकी हीच पायरी गाळली जाते, आणि मग अभ्यासाच्या टप्प्यावर ताडून बघायला काही उरत नाही. अंदाज आठ आणि भरल्या तीन, तर का ते त्याच संध्याकाळी विचारा. घाईत ओळ राहते असं कळलं, तर दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न सिस्टरांनी राऊंडमध्ये विचारून बघायचा.

मोजमाप आटोपशीर हवं. दर आठवड्याला नळी असलेले दहा पेशंट बघा, त्यांतल्या विनाकारण नळ्यांचं प्रमाण रन चार्टवर, म्हणजे आठवड्यागणिक बिंदूंच्या आलेखावर, मांडा. मध्यकाच्या एकाच बाजूला सलग सहा बिंदू आले, तर बदल खरा मानायला आधार मिळतो. किती जणांना नळी पुन्हा घालावी लागली, हेही सोबत मोजाच. नाहीतर सुधारणेच्या नावाखाली पेशंटला त्रास होतोय हे कळणारच नाही.

पोस्टिंग बदललं की काम बंद पडतं, कारण प्रोजेक्ट रेसिडेंटच्या नावावर असतो. तो वॉर्डाच्या नावावर करा. सिस्टर इन्चार्ज आणि एक कन्सल्टंट कायम टीममध्ये राहू देत. जाणाऱ्याने एक पान द्यायचं : शेवटची चाचणी, पुढची चाचणी, आकडे कोण भरतं.

गुण मात्र निकालावर देऊ नका. नाहीतर रेसिडेंट सोपे विषय निवडतील आणि फसलेल्या चाचण्या दडवतील. चाचणी फसली आणि का फसली ते नेमकं सांगता आलं, तर पूर्ण गुण द्या.