हीटर विकत घेण्याआधी बॉयलर समजून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरात बायको-मुलासह इंग्लंडमधल्या लीड्सला येताय, भाड्याचं घर ठरलंय, त्यात गॅसचा कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे नळाचं गरम पाणी आणि भिंतीवरच्या रेडिएटरमधलं गरम पाणी एकाच यंत्रातून. आधीचा भाडेकरू म्हणतो, 'थर्मोस्टॅट २१ वर ठेवला तरी घर गारच.' मग आल्या आल्या दोन इलेक्ट्रिक हीटर घ्यावेत का?

एवढ्यात नको. इथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटपेक्षा तिपटीहून महाग पडतं, आणि 'घर गार' म्हणजे 'बॉयलर बिघडला' असं बहुतेक वेळा नसतं.

माझ्या पहिल्या हिवाळ्याचं सांगतो. थर्मोस्टॅट २१ दाखवायचा आणि बेडरूममध्ये आम्ही स्वेटर घालून झोपायचो. एजंटला तीन ईमेल केले, उत्तर नाही. शेवटी माझ्याच लक्षात आलं: थर्मोस्टॅट पॅसेजमध्ये होता आणि त्याच्या खालीच रेडिएटर. पॅसेज वीस मिनिटांत तापायचा, थर्मोस्टॅट समाधानानं बॉयलर बंद करायचा. बेडरूमची त्याला खबरच नव्हती. पॅसेजमधल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह मी जरा आवळला आणि त्याच रात्री फरक पडला.

थर्मोस्टॅट म्हणजे एक बटण आहे, एवढं आधी डोक्यात बसवा. तो जिथे टांगलाय तिथली हवा ठरवलेल्या आकड्याला पोचली की तो बॉयलरला थांबवतो. ३० वर फिरवल्यानं घर लवकर तापत नाही, फक्त बॉयलर उशिरा थांबतो. ऊन, उघडझाप होणारं दार, मागे टीव्ही, यातलं काहीही त्याला चकवतं. शंका आली तर साधा थर्मामीटर बेडरूममध्ये ठेवा आणि दोन्ही आकडे ताडून बघा. जागतिक आरोग्य संघटना थंड हवामानात घरात किमान १८ अंश सुचवते. तान्हं मूल असेल तर त्याहून थोडं वर ठेवा.

रेडिएटरच्या बाजूला १ ते ५ आकड्यांचा गोल व्हॉल्व्ह असतो. ते अंश नव्हेत. ३ म्हणजे साधारण २० अंशांच्या आसपास, आणि बर्फाच्या चांदणीचं चिन्ह म्हणजे पाइप गोठू नयेत एवढीच ऊब. ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे तिथला हा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केलात तर ती खोली कधीच तापणार नाही, बॉयलर चालूच राहील आणि बाकीच्या खोल्यांची भट्टी होईल. (मी पॅसेजमध्ये थोडासाच आवळला तो यासाठी.) उन्हाळाभर बंद राहिलेल्या व्हॉल्व्हच्या आतली पिन कधी कधी अडकते. एकच रेडिएटर गार असेल तर आधी तिकडे बघा. आणि सोफा रेडिएटरला चिकटवून ठेवू नका, तुम्ही फक्त सोफा तापवाल.

तिसरा आकडा बॉयलरवरच असतो: रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान. खोलीच्या तापमानाशी त्याची गल्लत करू नका. नव्या कंडेन्सिंग बॉयलरला परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातली उष्णता नीट परत मिळवता येते, म्हणून ६०च्या आसपास ठेवलं तर गॅस वाचतो. पण कडाक्याच्या थंडीत घर तापेनासं झालं तर बिनदिक्कत ७०वर न्या. नळाच्या गरम पाण्याचा आकडा वेगळा असतो.

आता हातानं चाचपण्याचं काम. रेडिएटर वर गार, खाली गरम असेल तर आत हवा अडकलीय. हीटिंग बंद करा, तो निवू द्या, वरच्या कोपऱ्यातल्या खिळीला छोटी चावी लावून पाव वळसा उलटा फिरवा. फुस्स आवाज थांबून पाणी यायला लागलं की आवळा. खाली फडकं धरा, काळपट पाण्याचे डाग कार्पेटवरून जात नाहीत. खाली गार आणि वर गरम असेल तर तळाशी गाळ साचलाय, ते तुमचं काम नव्हे. हवा काढली की आतल्या पाण्याचा दाब उतरतो, म्हणून लगेच बॉयलरच्या पुढचा काटा बघा. गार असताना १ ते १.५ बार हवा. त्याहून बराच खाली गेला तर बॉयलर पेटणारच नाही. बॉयलरखाली बहुधा आत पाणी भरायची चंदेरी विणीची नळी असते. तिचे दोन्ही कॉक हळू उघडा, काटा १.२च्या पुढे गेला की दोन्ही घट्ट बंद करा. वर्षातून एखाद वेळ हे ठीक. दर आठवड्याला पाणी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. गार असताना १ आणि तापल्यावर ३च्या जवळ असं होत असेल तर बहुधा एक्स्पान्शन व्हेसलची (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी छोटी टाकी) हवा गेलीय. दोन्ही वेळा मेकॅनिकच बोलवा.

किरकोळ कारणं भरपूर: बिनतारी थर्मोस्टॅटचे सेल संपलेले, प्रीपेड गॅस मीटरमधले पैसे संपलेले, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली आणि टायमर जुन्याच वेळेवर. हसू नका, हे तिन्ही मी भोगलंय.

पहिल्या कडक गोठणाऱ्या रात्रीनंतर बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडला, तर घराबाहेर जाणारा बारीक प्लास्टिक पाइप बघा. त्यातून जाणारं बॉयलरचं सांडपाणी गोठतं. हात पोचत असेल तर कोमट पाणी ओता, उकळतं नको, मग रीसेटचं बटण दाबा. शिडी लावून चढायच्या फंदात पडू नका.

बॉयलरचं झाकण मात्र कधीच उघडायचं नाही. तो अधिकार 'गॅस सेफ' या गॅस मेकॅनिकांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्याचाच. ओळखपत्र मागून घ्या, त्याच्या मागे कोणत्या कामाची परवानगी आहे ते छापलेलं असतं. दुरुस्ती घरमालकाच्या खर्चानं होते, इंग्लंडमध्ये १९८५च्या घरमालक-भाडेकरू कायद्याचं कलम ११ त्यासाठीच आहे. गॅसची तपासणी दरवर्षी होते आणि तिचा दाखला राहायला येण्याआधी तुमच्या हाती पडायला हवा. बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणं १ ऑक्टोबर २०२२ पासून मालकाला बंधनकारक आहे. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, विजेचं बटण दाबू नका, बाहेर पडून ०८०० १११ ९९९ ला फोन करा.

किल्ल्या घेतानाच हीटिंग तासभर चालू करायला सांगा, प्रत्येक रेडिएटर हातानं तपासा, दाबाच्या काट्याचा फोटो काढा आणि त्याच दिवशी एजंटला ईमेल करा. हीटर एकच घ्या, छोटासा, मेकॅनिकची वाट बघायच्या रात्रीपुरता.