पूर्णविरामानंतर जागा एक की दोन?

फोंड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. देवस्थानच्या जत्रेची स्मरणिका दरवर्षी त्याच टंकलिखित करतात. टाइपरायटरवर शिकताना त्यांना पूर्णविरामानंतर दोनदा स्पेस द्यायला शिकवले होते, आणि आता मांडणी करणारा मुलगा त्यातली एक काढून टाकतो. दोघांत बरोबर कोण, आणि 'स्पेस'ला मराठीत म्हणावे काय, असे त्या विचारतात.

ताई, जागा एकच सोडावी. पण तुम्हाला शिकवले ते त्या यंत्रापुरते योग्यच होते. टाइपरायटरचा गाडा मात्रा-अनुस्वार सोडले तर प्रत्येक अक्षराला सारखाच सरकतो. अरुंद 'र'ला जेवढी रुंदी, तेवढीच ऐसपैस अक्षरालाही. त्यामुळे 'र'च्या दोन्ही बाजूंना आपोआप पोकळी राहते आणि वाक्य संपल्याची फट त्यात हरवते. दुसरी स्पेस त्यासाठी होती. ही सवय टाइपरायटरने जन्माला घातली असे सांगतात, ते मात्र खरे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत दोन वाक्यांमधली फट शब्दांमधल्या फटीपेक्षा सरळ मोठी दिसते. विसाव्या शतकात छापखान्यांनी ती आवरती घेतली, टंकलेखनाच्या वर्गांनी मात्र जपून ठेवली. २०२० साली मायक्रोसॉफ्ट वर्डनेही इंग्रजीतली दुहेरी जागा चूक म्हणून दाखवायला सुरुवात केली. वेबपानावर तर तुम्ही कितीही जागा सोडा, ब्राउझर साधारणपणे एकच दाखवतो.

इथवरचे सगळे इंग्रजीचे झाले. मराठीत मला या प्रश्नाचे मोल वेगळे वाटते. आपले जुने लेखन बहुतांशी पद्य. ओवी संपली की दोन दंड, म्हणजे दोन उभ्या रेघा (॥), पुढे दुसरी ओवी. पोथीत शब्दही सुटे नसत, आणि मोडीत तर आधी कागदभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे लटकवायची. आपल्या गोव्यात छापखाना आला १५५६ साली, आणि १६१६ साली रायतूरला ख्रिस्तपुराण छापले गेले. भाषा मराठी, लिपी रोमी, पण रचना ओवीचीच, त्यामुळे वाक्य कुठे संपते हा पेच तिथेही फारसा नव्हता. पेच आला तो छापील गद्याबरोबर. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कोशकार मेजर कँडी यांनी इंग्रजीची विरामचिन्हे मराठीत रुजवली आणि पूर्णविरामाचा टिंब आपल्याकडे आला. हिंदीने दंड ठेवला, आपण टिंब घेतला.

टिंब आला, पण त्याचा जोडीदार आला नाही. रोमीत पुढचे वाक्य मोठ्या अक्षराने सुरू होते, म्हणून टिंब निसटला तरी डोळा थांबतो. देवनागरीत मोठे अक्षर नाही. वाक्य संपले हे सांगायला आपल्याकडे एवढासा टिंब आणि त्याच्यापुढची मोकळी जागा, एवढेच आहे. म्हणून दोन जागांपेक्षा मला खरी चिंता वाटते ती शून्य जागांची. 'पालखी निघाली.भाविक जमले.' असा मजकूर हल्ली सर्रास दिसतो. त्याहून वाईट म्हणजे टिंबाच्या आधी जागा, 'निघाली .भाविक'. मग ओळ भरली की टिंब एकटाच खालच्या ओळीच्या डोक्यावर जाऊन बसतो. मुद्रिते तपासताना मी हे टिंब आधी वेचतो, बाकीचे नंतर.

दुहेरी जागेचा त्रास दोन ठिकाणी होतो. स्मरणिकेच्या अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ केल्या, की आपल्या लांब शब्दांमुळे ओळीत फटी थोड्या आणि मोठ्या होतात. तिथे दुहेरी जागा भगदाडासारखी दिसते. दुसरे ठिकाण नावांचे. 'बा. भ. बोरकर' यात दोन टिंब आहेत, पण वाक्य एकही संपलेले नाही. बोटांना टिंबापुढे दोन जागांचे वळण असले की बाकीबाबांचे नाव विस्कटते. तिथे एकच जागा, आणि जमल्यास न तुटणारी, म्हणजे 'बा.' एका ओळीत आणि बोरकर दुसऱ्या ओळीत असे होत नाही. वर्डमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट धरून स्पेसबार दाबला की ती मिळते.

आता शब्द. 'अंतर' हे दोन वस्तूंमधले, ते मोजायचे. 'अवकाश' पुस्तकी वाटतो. लिहिताना आपण 'जागा सोडतो', म्हणून मी 'जागा' म्हणतो. 'पूर्णविरामानंतर एक जागा सोडा' हे शाळकरी मुलालाही कळते. खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरे, जुळवण्याच्या काळात ही जागा खरोखर हातात धरता येई. शब्दांमध्ये शिशाचा कोरा तुकडा बसवत. तो अक्षराच्या खिळ्यापेक्षा बुटका, म्हणून त्याला शाई लागत नसे.

एका चिन्हाच्या आधी मात्र मराठीत जागा सोडावी, असे माझे ठाम मत आहे. ते म्हणजे अपूर्णविराम. 'पालखी:' असे चिकटवून छापले तर तो विसर्ग वाटतो. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत 'पालखी : रात्री १०.३०' असे ठेवा. दोन टिंबांच्या आधी आणि नंतर एकेक जागा, आणि वेळेतल्या टिंबाला कुठेच नाही.