वाचकांचे प्रश्न : घुमट, शिखर, वाडा – वजन कुठून उतरतं?

प्रश्न : मिरजेहून विजयपूर जवळ, म्हणून सुट्टीत मुलांना गोलघुमट दाखवायचा विचार आहे. रोमचं पँथिऑन आणि इस्तंबूलची आया सोफिया यांच्या पंक्तीत तो खरोखर बसतो का, की शेजारचा म्हणून आपल्याला त्याचं कौतुक?
– एक वाचिका, मिरज

उत्तर : बसतो, आणि एका बाबतीत दोघांच्याही पुढे जातो. नुसता व्यास मोजला तर पँथिऑन पहिलं : आतून ४३.३ मीटर. गोलघुमट सुमारे ३८, आया सोफिया ३१-३२. पण घुमटाखाली सलग, मध्ये खांब नसलेली जागा किती मिळते हे पाहिलं तर चित्र बदलतं. पँथिऑनचं दालन गोल, साधारण १,४७० चौरस मीटर. गोलघुमटाचं चौकोनी, जवळजवळ १,७०० चौरस मीटर.

घुमट फक्त खाली दाबत नाही, तो कडांना बाहेरही ढकलतो. या ढकलण्याचा बंदोबस्त कोणी कसा केला, यावर तिघांची तुलना करावी. रोमन बांधकाम दुसऱ्या शतकातलं. त्यांनी सरळ सहा मीटर जाडीची गोल भिंत घातली आणि काँक्रीटमध्ये वर जाताना हलका दगड वापरला, अगदी माथ्याजवळ प्युमिससारखा सच्छिद्र. उपाय खात्रीचा, पण दालन गोलच ठेवावं लागतं. आया सोफियात (५३२ ते ५३७) चौकोनावर गोल घुमट बसवला : चार खांब, चार कमानी, आणि कोपऱ्यांत घुमटाला खालून झेलणारे चार वक्र त्रिकोण. पूर्व-पश्चिमेला अर्धघुमटांचा आधार मिळाला, उत्तर-दक्षिणेला मात्र तसा मिळाला नाही. त्या बाजू फाकल्या आणि ५५८ मध्ये घुमट पडला. नवा घुमट सुमारे सहा मीटर जास्त उंच केला, कारण चपटा घुमट जास्त ढकलतो. तरीही ९८९ आणि १३४६ मध्ये त्याचे काही भाग पुन्हा कोसळले.

विजयपूरच्या कारागिरांनी एकमेकांत फिरवलेले दोन चौकोन धरून आठ कमानी परस्परांना छेदून नेल्या. त्या छेदांतून वर जे वर्तुळ तयार होतं ते दालनापेक्षा लहान असल्यामुळे घुमट भिंतींच्या बराच आत बसतो. भिंतीपासून आत झुकलेल्या त्या बांधकामाचं वजन आतल्या बाजूला ओढतं आणि घुमटाचं बाहेर ढकलणं तिथेच जिरतं. घुमट विटा-चुन्याचा, साधारण तीन मीटर जाड. आमच्या मते तिघांत हा उपाय सगळ्यांत बुद्धिमान आहे, आणि तो आपल्यापासून काही तासांवर आहे याचा आम्हाला फार आनंद वाटतो.

मुलांना थेट वरच्या, एका बाजूची कुजबुज पलीकडे ऐकू येणाऱ्या सज्जात नेऊ नका. आधी खाली कोपऱ्यात उभं करा. एका कमानीच्या पायापासून नजर वर न्यायला सांगा आणि ती किती कमानींना छेदते ते मोजायला लावा. मग बुरुजातल्या जिन्याने वर. कुजबुज ऐकायची तर सकाळी उघडल्याबरोबर पोहोचा, गर्दीत काहीच कळत नाही. विजयपुरातलाच इब्राहिम रौजाही चुकवू नका. तिथल्या कबरीच्या दालनाचं दगडी छत सपाट आहे आणि खालून त्याला कसलाच आधार दिसत नाही.

प्रश्न : हेमाडपंती मंदिरं बांधणाऱ्यांना कमान येत नव्हती का? गॉथिक चर्चपुढे आपली मंदिरं बुटकी आणि अंधारी का वाटतात?
– वास्तुकलेचा एक विद्यार्थी, कराड

उत्तर : कमान माहीत होती. कानपूरजवळ भीतरगावच्या पाचव्या शतकातल्या विटांच्या देवळात खरी कमान आहे. ती वापरायची नाही असं ठरवून पुढचं काम झालं, आणि त्याला कारण होतं. कमान रात्रंदिवस बाजूंना ढकलत राहते. खांबावर ठेवलेली तुळई फक्त खाली दाबते. त्यामुळे चुन्याशिवाय, निव्वळ वजनावर आणि खाचांवर दगड बसतात, आणि पाया हलला नाही तर शतकानुशतकं तसेच राहतात.

याची किंमत आतल्या जागेत मोजावी लागते. दगड दाब भरपूर सोसतो, पण ताण त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच. तुळई वाकते तेव्हा तिच्या खालच्या अंगाला ताण बसतो, म्हणून लांब दगडी तुळई मध्यावर तडकते. मग खांब जवळ जवळ आले आणि त्यांच्याबरोबर अंधारही आला. मोठी जागा झाकायची तर कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकायच्या आणि त्यांवर प्रत्येक थर थोडा आत सरकवत न्यायचा. नियम एकच : शिळेचा मागचा, दाबलेला भाग पुढे आलेल्या भागापेक्षा जड हवा. हे वाचण्यापेक्षा खिद्रापूरला जाऊन पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात बारा खांबांच्या वर्तुळावर छत आत येत येत थांबतं आणि मध्ये सुमारे १३ फुटांचं आभाळ उघडं राहतं. पँथिऑनच्या माथ्यालाही असंच भोक आहे. तिथे बाहेर ढकलणारा घुमट आहे, इथे आत झुकलेले थर.

गॉथिकवाल्यांनी उलटा सौदा केला. टोकदार कमान अर्धगोल कमानीपेक्षा कमी ढकलते. जे ढकलणं उरतं ते भिंतीबाहेरच्या तिरप्या कमानींवरून लांबच्या जाड खांबांवर नेलं. भिंतीला काम उरलं नाही, तिथे काचा आल्या. पॅरिसजवळच्या सां दनी चर्चमध्ये ११४४ मध्ये हे सगळं प्रथम एकत्र जुळलं. मग उंचीची चढाओढ लागली. फ्रान्समधल्याच बोव्हेच्या चर्चमध्ये छत ४८ मीटरवर नेलं, त्यातला भाग १२८४ मध्ये कोसळला आणि दुरुस्तीत खांबांच्या मध्ये आणखी खांब घालावे लागले. पुढे तिथेच १५३ मीटरचा मनोरा उभारला, तोही १५७३ मध्ये पडला. उंची आणि उजेड हवा असेल तर कायमची देखभाल पत्करावी लागते. हेमाडपंती बांधणीला तेवढी लागत नाही. तिचे खरे शत्रू दोन : सांध्यांत मुळं घालणारा पिंपळ, आणि त्या सांध्यांत सिमेंट भरणारी दुरुस्ती. सिमेंटमागे पाणी अडतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

प्रश्न : तासगावच्या गणपतीला दक्षिणेसारखं गोपूर कसं?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांनी दक्षिणेच्या स्वाऱ्यांत गोपुरं, म्हणजे देवळाच्या दारावरचे उंच मनोरे, पाहिली होती. हे मंदिर १७७९ ते १७९९ या काळात बांधलं गेलं, गोपूर सात मजली, ९६ फूट. तंजावरला (१०१०) गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे शिखर, सगळ्यांत उंच आहे. मदुरेत उंची बाहेरच्या दारांकडे गेली. तासगावचं मंदिर या मदुरेच्या रीतीतलं.

प्रश्न : आमचा वाडा लाकडी सांगाड्याचा, भिंती विटा-मातीच्या. कोयनेच्या भूकंपापासून घरात भीती आहे. पाडून आरसीसी करा असा सल्ला मिळतो. पण जपानात तर लाकडाच्याच इमारती टिकल्या ना?
– एक कुटुंब, वाई

उत्तर : टिकल्या. जपानच्या होर्यूजी मंदिराचा पाच मजली पॅगोडा तेराशे वर्षं उभा आहे. लाकडी सांधे थोडे सरकतात, घासतात आणि हादऱ्याची ताकद खातात. १७५५ च्या भूकंपानंतर लिस्बनने दगडी भिंतींच्या आत तिरप्या लाकडांचा पिंजरा घातला. काश्मीरची धज्जी-देवारी ही लाकडी चौकटीची बांधणी याच कुळातली. आपल्या वाड्यात खांब-तुळयांचे खण आहेत, पण तिरपी लाकडं सहसा नसतात. ही उणीव खरी. किल्लारीला १९९३ मध्ये बहुतेक माणसं जाड दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली दबली; लाकडी खण बऱ्याच घरांत उभे राहिले.

तेव्हा पाडण्याआधी तपासा. खांबाचा खालचा वीतभर भाग टोच्याने दाबून पाहा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज रुतला तर लाकूड कुजलं आहे. बहुधा जुन्या जमिनीवर फरशी चढवत नेल्याने तळखडा (खांबाखालचा दगड) गाडला गेलेला असतो आणि ओल थेट लाकडाला भिडते. तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू द्या, टेकूखाली फळी ठेवा. कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा जोडा. सांधा खांबाच्या जाडीच्या किमान तिप्पट लांब, वर बोल्ट. तळखडा पुन्हा उघडा करा. सिमेंटचा गिलावा काढून एक भाग चुना, तीन भाग वाळूचा करा. माडीवरची पाण्याची टाकी खाली आणा, हजार लिटर म्हणजे एक टन. रस्त्याकडच्या खणांतली भिंत काढून दुकानाचं शटर बसवलं असेल तर ते खण आधी पुन्हा बांधा, कारण हादऱ्यात वाडा त्याच बाजूला कलतो. तिरपी लाकडं किंवा लोखंडी पट्ट्या कोणत्या खणात घालायच्या, हे जुन्या लाकडी इमारतींवर काम केलेल्या अभियंत्याने जागेवर येऊन ठरवायचं आहे.