वाचकांचे प्रश्न : फांद्या फॉस्फरसच्या

प्रश्न : डेंड्रिमर म्हणजे फांद्याफांद्यांनी वाढणारा रेणू. पण आमच्या पुस्तकात उदाहरणं सगळी कार्बन-नायट्रोजनची. दुसरी मूलद्रव्यं चालत नाहीत का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : चालतात, आणि मला तर तेच डेंड्रिमर जास्त देखणे वाटतात. फ्रान्समधल्या तुलूझला माजोराल आणि कामिनाद यांच्या गटाने केलेला रेणू कागदावर काढून बघ. मधोमध ३ फॉस्फरस, ३ नायट्रोजनचं कडं, त्यावर ६ क्लोरीन. प्रत्येक क्लोरीनच्या जागी हायड्रॉक्सीबेंझाल्डिहाइड बसतं; त्याच्या बाहेरच्या टोकाला अल्डिहाइड हा कार्बन-ऑक्सिजनचा गट असतो. मग त्या अल्डिहाइडच्या टोकाला फॉस्फरसचं हायड्राझाइड (फॉस्फरसवर २ क्लोरीन असलेलं संयुग) जोडायचं, की तिथे २ नवे क्लोरीन तयार. ६ चे १२, १२ चे २४. उपपदार्थ म्हणाल तर पहिल्या पायरीत साधं मीठ, दुसरीत पाणी!

कार्बन रेणूत असतोच, पण फाटा फुटतो फॉस्फरसवर. म्हणूनच फॉस्फरसचा एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) घेतला की प्रत्येक पिढीची, म्हणजे फांद्यांच्या प्रत्येक फेरीची, रेघ वेगळी दिसते आणि एखादा क्लोरीन बदलायचा राहिला असेल तर लगेच कळतं. मी वर्गात हा आलेख आवर्जून दाखवतो.

सिलिकॉनचेही आहेत. १९९४ मध्ये नेदरलँड्समध्ये अशा डेंड्रिमरच्या टोकांवर निकेलचा उत्प्रेरक बसवला गेला. रेणू एवढा मोठा की अभिक्रियेनंतर गाळून परत मिळवता यावा, हा त्यामागचा विचार.

फॉस्फरसवाल्यांचा मला आवडणारा उपयोग म्हणजे डीएनए चिप, म्हणजे नमुन्यातला डीएनए ओळखण्यासाठी डीएनएचे धागे बसवलेली काचपट्टी. काचेवर त्यांचा थर दिला की टोकांची अल्डिहाइडं डीएनएचे धागे पक्के धरून ठेवतात, आणि चिप धुऊन पुन्हा वापरता येते.