रॉ इमेज कॉपी करण्याआधी

रॉ इमेज म्हणजे व्हर्च्युअल मशीनची अख्खी डिस्क एका फाइलीत. ते मशीन आधी बंद कर, मग फाइल पोकळ (स्पार्स) आहे का ते बघ. समज, ‘एलएस -एल’ फाइलीचा आकार ४० जीबी दाखवतं आणि ‘डीयू -एच’ डिस्कवर व्यापलेली जागा फक्त ६, म्हणजे उरलेल्या ३४ जीबीला डिस्कवर जागाच दिलेली नाही; हीच भोकं. वाचताना कर्नल (लिनक्सचा गाभा) तिथे शून्यं भरून देतो. ‘कॅट’ने ही फाइल दुसऱ्या फाइलीत वळवलीस, तर हीच शून्यं खरोखर लिहिली जातात आणि डिस्क भरते. नेटवर्कवरून कॉपी करणाऱ्या ‘एससीपी’चंही तेच रडगाणं.

लिनक्सची कॉपीची कमांड ‘सीपी’ त्या मानाने हुशार. ती ज्या संचात येते त्या कोअरयुटिल्सच्या ९.० आवृत्तीपासून (२०२१) ते फाइल सिस्टिमलाच विचारतं: डेटा कुठे संपला, पुढचा कुठे सुरू होतो? भोकं वाचत बसायची गरजच नाही. म्हणून नेहमीच्या कामाला कुठलाही पर्याय न देता साधं ‘सीपी’ पुरतं.

‘सीपी’चा ‘स्पार्स’ पर्याय ‘ऑलवेज’ केलास तर लिहिलेल्या शून्यांच्या जागीही भोकं पडतात. आधीच फुगलेल्या इमेजला हे उत्तम, स्वॅप फाइलला (रॅम कमी पडली की वापरायची फाइल) मात्र चुकूनही लावू नकोस. भोकं असलेली फाइल, स्वॅप सुरू करणारी ‘स्वॅपऑन’ कमांड घेतच नाही. फुगलेली फाइल जागच्या जागी आटवायची असेल, तर ‘फॉलोकेट -डी’ बघ.

दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचं असेल तर ‘आरसिंक’ला कॅपिटल एस हा पर्याय दे. तरी ते सगळी फाइल वाचतंच, त्यामुळे वेळ लागला म्हणून मध्येच तोडू नकोस. ‘टार’लाही कॅपिटल एसच. एक्सफॅट फाइल सिस्टिमच्या पेनड्राइव्हवर भोकं टिकतच नाहीत, तिथे टार करूनच ने.

कॉपी झाली की ‘सीएमपी’ने दोन्ही ताडून बघ, आणि नव्या फाइलीवर पुन्हा ‘डीयू’ चालव.