जास्त मीठ खाल्लं तर आतडं ते अडवतं का, की सगळं काम मूत्रपिंडच करतं?

आतडं अडवत नाही. मीठ किती ठेवायचं आणि किती बाहेर टाकायचं हे मुख्यतः मूत्रपिंडंच ठरवतात. शरीरक्रियाशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे सापडेल: खाल्लेलं सोडियम, गरज असो वा नसो, जवळजवळ सगळं आतड्यातून रक्तात शोषलं जातं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून अधिक सोडियम परत घेतात. खरा निर्णय शेवटच्या काही टक्क्यांवर होतो, आणि तिथे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक लागतं. मीठ कमी पडलं की ते वाढतं आणि लघवीतून सोडियम जवळपास जातच नाही. मीठ जास्त झालं की ते घटतं. हेच संप्रेरक मोठ्या आतड्यालाही सोडियम शोषायला लावतं, एवढा आतड्याचा वाटा आहे. नवा समतोल साधायला काही दिवस लागतात, तोवर जादा मिठासोबत पाणीही साठतं आणि वजन थोडं वाढतं.

जुलाबात मात्र मीठ आतड्यातूनच वाहून जातं. तरीही लहान आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारी यंत्रणा बहुतेक वेळा शाबूत असते, आणि ओआरएस तिच्यावरच चालतं. त्यातली साखर चवीसाठी नाही, म्हणून ती कृपया मनाने कमी-जास्त करू नका.

हे सगळं निरोगी मूत्रपिंडांबद्दल आहे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, लघवी वाढवणारी औषधं चालू असतील, तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.